उंबऱ्याबाहेरचे घर

“घराबाहेर पडताना मास्क लावा” हे वाक्य २०२० ते २०२२ या दोन वर्षांत आपण सर्वांनीच इतक्या वेळा वाचले आणि ऐकले, की त्यातल्या शब्दांकडे कुणाचे लक्षच उरले नसावे. कुणाला फोन लावला तरी घंटीच्या आधी सूचना ऐकू येई. मला मात्र त्या वाक्यातल्या एका साध्या शब्दाने तेव्हापासून सतावले आहे. तो शब्द म्हणजे ‘बाहेर’. बाहेर म्हणजे नेमके कुठून बाहेर?

आमच्या सापगावात हा प्रश्न पडत नाही. घराला ओटी असते, ओटीपुढे अंगण, अंगणाला कुंपण, कुंपणापलीकडे रस्ता, आणि रस्त्याने पुलापर्यंत गेले की भातसा नदी. माणूस एकेक पायरी उतरत बाहेर येतो. आपण घरातून निघालो आणि जगात आलो हे त्याला वाटेतच कळत जाते. पण मी सहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत सापगावात राहत नव्हते. आईच्या वडिलांची ठाण्याला झोपडी होती. तिच्या बदल्यात पुनर्वसनाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. आजोबा वारल्यावर आजी एकटी पडली, बाबांनाही तिकडेच काम मिळाले, म्हणून आम्ही तिच्यापाशी राहायला गेलो. आजी, आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. खोली २२५ चौरस फुटांची. (पुढच्या योजनांत ती २६९ चौरस फुटांची झाली आणि मुंबईत आता ३०० चौरस फुटांची मिळते. पण आमची जुन्या मापाची.)

त्या इमारतीत एका मजल्यावर दहा खोल्या होत्या. पाच या हाताला, पाच त्या हाताला, आणि मधून पाच फूट रुंदीचा पॅसेज. एका टोकाला जिना आणि लिफ्ट, दुसऱ्या टोकाला एक खिडकी. पॅसेजला जे काही ऊन, वारा, उजेड मिळायचा तो त्या एका खिडकीतून. शेजारची इमारत इतकी जवळ, की पलीकडे कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तर आमची आजी उठून आपला गॅस पाहायची.

या पॅसेजला नकाशात ‘सामाईक जागा’ म्हणत असतील. आमच्या लेखी तो घराचाच भाग होता. तांदूळ निवडणे तिथे, लसूण सोलणे तिथे, पावसाळ्यात कपडे वाळत घालणे तिथे. पाण्याची पिंपे दारालगत रांगेने उभी. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची अविवाहित मुले तिथेच चटया टाकून झोपत. कुणाच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे आले, की शेजारच्यांनी आपल्या खोलीतली माणसे पॅसेजमध्ये काढून आपली खोलीही त्यांच्यासाठी मोकळी करायची, हा रिवाज होता. माझी चौथीपासूनची सगळी परीक्षा त्या पॅसेजच्या ट्यूबलाइटखाली झाली. खोलीतला दिवा नऊला मालवायचा असे, कारण बाबांना पहाटे चारला उठून कामावर जायचे असे. आमचे दार फक्त रात्री झोपताना बंद व्हायचे. दार उघडे असेल तर खोली आणि पॅसेज मिळून एक घर होई.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. ८ एप्रिलला मुंबई महानगरपालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला, आणि आजूबाजूच्या शहरांतही तसेच हुकूम निघाले. तेव्हा मी आठवीतून नववीत गेले होते, तेही परीक्षा न देता. आमच्या कमिटीने जिन्याच्या तोंडाशी कागद चिकटवला. जिना, लिफ्ट, पॅसेज व गच्ची येथे मास्कशिवाय आढळल्यास पन्नास रुपये दंड. पॅसेजमध्ये बसण्यास सक्त मनाई. खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा शिक्का.

नियम चुकीचा होता असे मी म्हणत नाही. हे मुद्दाम आधीच सांगते, कारण पुढचे वाचून कुणाचा तसा समज होईल. श्वासातून पसरणारा रोग आहे म्हटल्यावर तोंड-नाक झाकणे हे शहाणपणाचेच. कमिटीतली माणसेही काही दुष्ट नव्हती. कुणी रिक्षा चालवणारे, कुणी नगरपालिकेच्या शाळेत शिपाई. तीही त्याच इमारतीत, तेवढ्याच खोल्यांत राहत होती. पण तो कागद लिहिताना त्यांनी शब्द उसने घेतले होते, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांची घरे वेगळी होती.

ती कशी होती हे मला आईमुळे माहीत आहे. आई घोडबंदर रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करायची. टाळेबंदीत तिला कित्येक महिने आत घेतले नाही. पुढे घेऊ लागले तेव्हा फाटकावर कपाळाला बंदूक लावून ताप मोजायचे, हातावर औषध ओतायचे आणि मग सामानाच्या लिफ्टने वर पाठवायचे. आई सांगायची, तिथे एका मजल्यावर चारच बिऱ्हाडे, आणि लिफ्टपुढची मोकळी जागा आपल्या सबंध खोलीहून मोठी. त्या पॅसेजमध्ये कुणी कधी बसलेले तिने पाहिले नव्हते. तिथल्या माणसाला सामाईक जागेत मास्क लावायचा म्हणजे दारापासून गाडीपर्यंत, फार तर पाच मिनिटे. आमच्याकडे तोच नियम पाळायचा म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा.

मग आम्ही काय केले? दाराच्या चौकटीला आतल्या बाजूने एक खिळा ठोकला आणि त्याला मास्क अडकवला. एकच. जो बाहेर पडेल त्याने तो लावायचा, परत आला की पुन्हा खिळ्याला. बाबांचा कामावरचा मास्क वेगळा. पण दळण आणायला, कचरा टाकायला, पिंप भरायला, सगळ्यांना मिळून तो एक. आमच्याच घरी नव्हे, मजल्यावरच्या बहुतेक घरी हीच रीत होती. पुढे आईने जुन्या सुती परकराचे पाच मास्क शिवले तेव्हा ही पंचाईत संपली. तोपर्यंत मास्क आमच्यासाठी रोगाविरुद्धची ढाल नव्हता, तो पॅसेजमध्ये जाण्याचा परवाना होता. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमती ठरवून दिल्या, साधा तीन पदरी मास्क चार रुपयांना. घरात पाच माणसे आणि रोज एक, असा हिशेब आईने बोटांवर केला आणि परकराकडे वळली.

लिफ्टच्या बटणांशेजारी थर्माकोलचा तुकडा लावून त्यात दात कोरायच्या काड्या खोचल्या होत्या. एक काडी घ्यायची, बटण दाबायचे, काडी खालच्या डब्यात टाकायची. लहान मुलांनी पहिल्याच दिवशी सगळ्या काड्या नेल्या. सहा-सहा फुटांवर वर्तुळे आखायला दोन मुले खडू घेऊन आली, तर पॅसेजची रुंदीच पाच फूट! त्यांनी एक वर्तुळ आमच्या दारापर्यंत नेले, उरलेले समोरच्यांच्या उंबऱ्यावर काढले, आणि हसत निघून गेली.

दंडाची एक वही होती. ती काही काळ आमच्या खोलीत होती, कारण बाबा चौथ्या मजल्याचे प्रतिनिधी होते. मी ती पुष्कळदा चाळली आहे. खोली क्रमांक, नाव, तारीख, कारण. कारणे अशी: दारात बसून भाजी निवडणे. मुलाला हाक मारण्यासाठी बाहेर येणे. कपडे काढणे. पिंप भरताना मास्क हनुवटीवर. पुरुषांची नावे शोधावी लागत. पुरुष इमारतीतून बाहेर पडत ते मास्क लावूनच, रस्त्यावर पोलीस होते. पॅसेज होता तो बायकांचा आणि मुलांचा, म्हणून वहीही त्यांनीच भरली. दंड मात्र एकीनेही भरला नाही. भरायला पैसे कुणाकडे होते?

आता मी काकांकडे येते. हा लेख लिहायला घेतला तो त्यांच्यासाठीच.

काका आमच्या पलीकडच्या खोलीत राहत. मूळचे मुरबाडकडचे, त्यामुळे मला गाववाली समजून ‘बाय’ म्हणायचे. जन्मभर हमाली केलेली. क्षय होऊन बरा झाला होता, पण फुप्फुसे पूर्वीसारखी राहिली नव्हती. चार पावले चालले की धाप. त्यांच्या खोलीच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. म्हणून वर्षानुवर्षे त्यांची एक खुर्ची पॅसेजच्या टोकाला, त्या एकुलत्या खिडकीपाशी असे. तिथे बसले की त्यांना श्वास लागत नसे. मास्क लावला की त्यांचा जीव घाबरा होई. दोन-तीनदा लावून पाहिला, ओठ काळेनिळे व्हायला लागले, तसा काढून ठेवला.

त्या खिडकीलगतच्या खोलीत एक बाळंतीण होती. बाळ दीड महिन्याचे. खोलीत उकाडा, म्हणून दार उघडे ठेवावे लागे. आणि दारापासून चार फुटांवर काका, मास्कशिवाय, खोकत. तिने कमिटीकडे तक्रार केली. मी तिच्या जागी असते तर मीही केली असती. नियमाप्रमाणे काकांना आत बसवायला हवे होते, आणि ते सांगण्याचे काम मजल्याचे प्रतिनिधी म्हणून बाबांकडे आले. बाबा गेले, काकांपुढे उभे राहिले, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी काकाच म्हणाले, “तुला काय सांगायचंय ते मला ठावं हाय. आत बसलू तर तुमच्या आजारानं नाय मरायचा मी, पन त्या भिंतीनं मरंन.”

शेवटी जिन्यात बैठक झाली. माणसे पायऱ्यांवर, एक पायरी सोडून एक. बरीच बोलाचाली झाली. बाळंतिणीचा नवरा तावातावाने बोलला, काकांचा मुलगा त्याहून जास्त. सेक्रेटरी कागदावर बोट ठेवून नियम वाचत राहिले. तेव्हा माझी आजी, जी अशा ठिकाणी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “पाण्याची वेळ असते ना? तशी हवेची लावा.”

आमच्या इमारतीत पाणी सकाळी पाऊण तास यायचे. त्या पाऊण तासात कोणत्या बाजूने आधी भरायचे, कोणी नंतर, हे वर्षानुवर्षे ठरलेले होते, आणि त्यावरून भांडण झालेले मी पाहिले नाही. (मुंबई-ठाण्याला आमच्या भातसेचे पाणी जाते. पिंप भरताना मी मैत्रिणींना ऐट दाखवायची, की हे आमच्या गावावरून आले आहे.) आजीचे म्हणणे सगळ्यांना एकदम कळले, कारण वाटून घ्यायची सवय होतीच. सकाळी सहा ते सात आणि दुपारी चार ते साडेपाच काका खिडकीपाशी बसतील. तेवढा वेळ सगळी दारे बंद, पॅसेजमध्ये कुणी यायचे नाही. काका आत गेले की अर्धा तास खिडकी सताड उघडी ठेवायची, मग बाळंतिणीने दार उघडायचे. सेक्रेटरी म्हणाले, “हे नियमात बसत नाही.” त्यांनी ते कागदावर लिहिले नाही. पण वहीत काकांचे नाव पुन्हा आले नाही.

त्या वेळी आम्हांला ठाऊक नव्हते, पण शास्त्रज्ञांचा वादही तेव्हा याच गोष्टीवर चालला होता. सुरुवातीला सांगितले जाई, की रोग खोकल्याच्या थेंबांतून जातो आणि थेंब काही फुटांवर खाली पडतात. जुलै २०२० मध्ये जगभरच्या २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितले, की विषाणू बंद जागेतल्या हवेत तरंगत राहू शकतो, म्हणून खेळती हवा हवी. ज्या जागेत हवा खेळत नाही तिथे मास्क तर हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. आजीच्या अर्ध्या तासाचे गणित त्यात बसत होते. आजी शाळेत गेलेली नाही.

माझे स्वतःचे म्हणाल तर नववीचे वर्ष मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमधल्या जिन्याच्या वळणावर काढले. मोबाइलला रेंज तिथेच मिळे. तास सुरू असताना मास्क लावून उत्तर दिले की बाई म्हणत, “आवाज येत नाही.” मास्क काढावा तर वही. एकदा मी नकाशावाचनाचे उत्तर बाईंना लिहून दाखवले, वहीचे पान कॅमेऱ्यापुढे धरून. असो. माझ्या वर्गातल्या कित्येकांकडे तो मोबाइलही नव्हता.

कॉलेजला आल्यावर इतिहासाच्या तासाला सरांनी १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगविषयी सांगितले. त्या साथीतूनच १८९७ चा साथरोग कायदा झाला. १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, आमच्यावर जे निर्बंध आले त्यांच्यामागेही तोच कायदा होता. तो तास मला विशेष आठवतो, कारण त्यानंतर मी ग्रंथालयात बसून पुढचे वाचले. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. या न्यासाचे एक अध्यक्ष ऑर नावाचे साहेब होते. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा एक नियम पुरस्कारला. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे असावे, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाश दिसते. न्यासाने लोकांची घरे पाडली, त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्यांची थोरवी मला गायची नाही. पण त्या नियमाने मी आमच्या इमारतीचा हिशेब केला. सात मजले म्हणजे साधारण एकवीस मीटर उंची. मध्ये दहा मीटर हवे होते. काकांच्या खिडकीपुढे हातभर होते.

हे एकट्या आमच्या इमारतीचे दुखणे नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंड आणि लल्लूभाई कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. तिथे शंभरातल्या आठ-दहा घरांत क्षयाचा रोगी निघाला. त्याच भागातल्या, पण मोकळ्या बांधणीच्या पीएमजी कॉलनीत हेच प्रमाण शंभरात एक होते. इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही, असे कारण पाहणीत दिले आहे. धारावीतला पहिला कोरोनारुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला, तोही झोपडीत नव्हे, पुनर्वसनाच्या इमारतीत. आणि जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या शंभरांपैकी ५७ जणांना आणि बाकीच्या वस्तीतल्या शंभरांपैकी १६ जणांना संसर्ग होऊन गेलेला दिसला. शौचालयांसारख्या सामाईक सोयी हे त्याचे एक कारण असावे, असे तपासणी करणाऱ्यांनी सांगितले. माणसाने श्वास झाकावा असा हुकूम एका दिवसात निघतो. माणसाला श्वास घेता यावा म्हणून दोन इमारतींमध्ये किती जागा सोडायची, याचा हुकूम काढताना मात्र जमिनीचा भाव आडवा येतो, असे माझे मत आहे. सर याच्याशी सहमत होतील की नाही ते माहीत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. तेव्हा राज्यात नवा नियम झाला होता. सोसायटीत पाचांहून अधिक रुग्ण सापडले तर ते सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र, फाटकावर तसा फलक, आणि नियम मोडला तर सोसायटीला दहा हजारांचा दंड. आमच्याकडे एका आठवड्यात नऊ रुग्ण झाले. फलक लागला. दहा हजारांच्या धास्तीने कमिटीने पॅसेजची खिडकीही बंद केली, शेजारच्या इमारतीतली माणसे तिथून सामान घेत-देत होती म्हणून. काकांची वेळ गेली. बाबांनी भांडून ती दोन दिवसांत परत मिळवली, पण तोवर काकांच्या मुलाला ताप आला होता. तो कुरिअरचे काम करायचा. त्याच्या पाठोपाठ काकांना. रुग्णालयात खाट मिळायला रात्र गेली. चौथ्या दिवशी काका वारले. मुलगा बरा झाला.

ते पॅसेजमुळे गेले की घरात मुलाकडून संसर्ग झाला म्हणून गेले, यावर मजल्यावर पुष्कळ चर्चा झाली. बाळंतिणीचा नवरा फार रडला. मला विचाराल तर याचे उत्तर कुणालाच देता येणार नाही. २२५ चौरस फुटांत मुलगा एका कोपऱ्यात निजला आणि बाप दुसऱ्या, तरी दोघांना हवा एकच. सरकारी नियम उंबऱ्यापर्यंत येऊन थांबत होता. उंबऱ्याच्या आत काय करायचे, हे सांगणारा कागद कुठल्याच भिंतीवर नव्हता.

जूनमध्ये बाबांचे काम गेले. खोलीत मामा राहायला आला, आणि आम्ही सापगावला परतलो. दहावी मी शहापूरला केली. ३१ मार्च २०२२ रोजी मंत्रिमंडळाने निर्बंध उठवले, गुढीपाडव्याला मास्क ऐच्छिक झाला. मे महिन्यात मामाकडे गेले तेव्हा जिन्यातला तो कागद तसाच होता, फक्त त्यावर अर्ध्यापर्यंत ‘लिफ्ट बंद आहे’ असा दुसरा चिकटवला होता. पॅसेजमध्ये बायका वाल सोलत बसल्या होत्या. बाळ चालायला लागले होते. काकांची खुर्ची कुणीतरी खाली वॉचमनला दिली होती.

माझ्या चुलतभावाची झोपडी आता योजनेत गेली आहे. त्याला ३०० चौरस फुटांची खोली मिळणार, बाविसाव्या मजल्यावर. दिवाळीत तो सापगावला आला तेव्हा मोबाइलवर नकाशा घेऊन आला होता. स्वयंपाकघर कुठे, मोरी कुठे, पलंग कसा बसेल, हे सगळे त्याने ओटीवर बसून आम्हांला दाखवले. आजीही (बाबांची आई) कौतुकाने बघत होती. मी त्याला विचारले, “दादा, पॅसेजला खिडकी किती आहेत?” त्याने नकाशा बोटांनी मोठा केला, इकडेतिकडे सरकवला. त्याला मिळालेल्या कागदावर खोलीच होती. खोलीच्या दारापाशी रेघ संपत होती.